पन्नास मैल झाले... आता काय?

बाळाचा डायपर, कर्जतचं बाकडं आणि १८९० सालचं एक विसरलेलं कलम. वासिंदच्या पुढच्या एका खांबापर्यंतचा हा प्रवास.

"अगं, पण हिला ठेवू कुठे?"

जिजूंच्या या एका प्रश्नाने माझे पुढचे दोन महिने खाल्ले. गंमत नाही, खरंच!

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात ताई, जिजू, त्यांची सात महिन्यांची चिऊ आणि मी असे चौघं मुंबईहून पुण्याला निघालो होतो. गाडी दारात उभी होती, पण एक्स्प्रेसवेचा वीकएंडचा जॅम आठवला आणि ताई म्हणाली, "ट्रेनने जाऊ. घाट तरी बघायला मिळेल." ठाणे गेलं, कल्याण गेलं. चिऊ मस्त झोपली होती. बदलापूरच्या पुढे ती जागी झाली, तिने तोंड वेडंवाकडं केलं, आणि दोन मिनिटांत आजूबाजूच्या सगळ्यांना कळलं की काय झालंय.

"मी बघतो," म्हणत जिजू हिरोसारखे उठले. डायपर, वाइप्स, प्लास्टिकची पिशवी, खांद्यावर टॉवेल अशा फुल तयारीने डब्याच्या टोकाला गेले. एका मिनिटात परत! चेहऱ्यावर तोच प्रश्न. हिला ठेवू कुठे?

मी स्वतः जाऊन बघून आले. जिजूंचं बरोबर होतं. टॉयलेट स्वच्छ होतं, पाणी होतं, आरसा होता, पिशवी अडकवायला हूक होता. नव्हती ती फक्त एक सपाट जागा. खाली ओली फरशी आणि हातभर बेसिन. गाडी हलत असताना एक हात दांडीला हवाच. उरलेल्या एका हातात बाळ, डायपर, वाइप्स आणि टॉवेल. गणित जमेना. सीटसमोरच्या ट्रेवर करावं म्हटलं, तर शेजारचे काका कटलेट खात होते.

मग ताईला आयडिया सुचली. "घाट चढायला कर्जतला मागे इंजिन लावतात ना? तेवढा वेळ गाडी थांबेल!"

थांबली. जिजूंनी उडी मारली. प्लॅटफॉर्मवरच्या बाकड्यावर टॉवेल पसरला, मी वरून छत्री धरली, ताई दारात उभी राहून सिग्नलवर लक्ष ठेवून. जुना डायपर सुटला, वाइप्स झाले, नवा डायपर अर्धा लागला आणि शिट्टी! एका हातात चिऊ, दुसऱ्या हातात गुंडाळलेला डायपर घेऊन जिजू पळत सुटले, मागून छत्री सांभाळत मी. आम्ही चढलो. दारात उभ्या असलेल्या एका काकांनी शांतपणे विचारलं, "वडा नाही मिळाला का?"

खंडाळ्याच्या धबधब्यांपर्यंत आम्ही हसत होतो. पण बोगदे संपले तशी ताई हळूच म्हणाली, "मी एकटी असते तर?"

त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. तशी चूक कुणाचीच नव्हती. गाडी वेळेवर होती, डबा चकाचक होता. प्रवासी म्हणून तुमची-माझी सोय होती. फक्त चिऊ त्या हिशेबात नव्हती.

कलम ६४

घरी आल्यावर मी साधा प्रश्न गुगलला टाकला. ट्रेनमध्ये टॉयलेट असलंच पाहिजे, असा काही कायदा आहे का? वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. पण एकातून एक निघत गेलं आणि रात्री एक वाजता मी एका जुन्या कायद्याची स्कॅन केलेली, पिवळट पानं वाचत बसले होते. भारतीय रेल्वे अधिनियम, १८९०.

त्यातलं कलम ६४ बायकांच्या डब्याबद्दल आहे. दोनच वाक्यं. पहिलं म्हणतं, १ जानेवारी १८९१ पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कंपार्टमेंट फक्त स्त्रियांसाठी राखलाच पाहिजे. दुसरं वाक्य त्याहून भारी. गाडी पन्नास मैलांपेक्षा जास्त धावणार असेल, तर अशा एका कंपार्टमेंटमध्ये शौचकूप असलंच पाहिजे.

मी ते दोनदा वाचलं. १८९०! तेव्हा मुंबईत लोकलही विजेवर धावत नव्हती, ती धावली १९२५ मध्ये. आणि कायदा कुणाचा विचार करत होता? फर्स्ट क्लासच्या मॅडमचा नाही. सर्वांत स्वस्त तिकिटात बसणाऱ्या बाईचा. हातात बोचकं, कडेवर पोर, खिडकीशी बसलेली ती. तिने पन्नास मैल ओलांडले की तिला अडचण येणार, हे कुणीतरी कागदावर लिहून ठेवलं होतं. आणि ते 'जमलं तर करा' असं लिहिलं नव्हतं, 'केलंच पाहिजे' असं लिहिलं होतं.

पन्नास मैल म्हणजे साधारण ८० किलोमीटर. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली गाडी जेमतेम ३४ किलोमीटर गेली होती. तेवढ्याला कायदा काही मागत नव्हता. पण गाडी लांबची झाली की माणसाच्या शरीराचं घड्याळ सुरू होतं, आणि कायद्याने ते घड्याळ ओळखलं होतं.

आता, कायद्यात असणं आणि डब्यात असणं यात फरक असतोच. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलं. मुंबई ते मद्रास या प्रवासातल्या संडासांची अवस्था त्यांनी त्यात जशी सांगितली आहे, ती जेवताना वाचू नका. पण घाणेरडं का होईना, 'ते हवं' हे कागदावर होतं. त्यामुळे ते घाणेरडं का, असं निदान विचारता येत होतं.

फणसवाले बाबू

ट्रेनमधल्या टॉयलेटचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. बंगालमधले ओखिलचंद्र सेन नावाचे एक प्रवासी. साल १९०९. पोटभर फणस खाल्लेला, पोट बिघडलेलं. अहमदपूर स्टेशनात ते उतरून आडोशाला बसले आणि गार्डने शिट्टी मारली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर सावरत बाबू पळाले, प्लॅटफॉर्मवर पडले आणि सगळ्या बायाबापड्यांसमोर अब्रू गेली. गाडीही गेली. मग त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत रेल्वेला एक खरमरीत पत्र लिहिलं. त्या पत्रामुळे खालच्या वर्गाच्या डब्यांत टॉयलेट आलं, असं सांगतात. दिल्लीच्या रेल्वे म्युझियममुळे ते पत्र आज देशभर प्रसिद्ध आहे.

ही गोष्ट मी आधीही वाचली होती, हसलेही होते. पण या वेळी वाचताना मला कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर पळणारे जिजू दिसले. लोट्याच्या जागी डायपर, बाकी सेम टू सेम. शंभराहून जास्त वर्षांचं अंतर!

आणि अजून एक गोष्ट लक्षात आली. ओखिलबाबूंच्या पत्राच्या १८ वर्षं आधीपासून बायकांच्या डब्यासाठी कायद्यात शौचकूप होतं. बाबूंची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. बायकांचं कलम कुणालाच माहीत नाही. बाबू पळाले, पडले, पत्र लिहून मोकळे झाले. बायका मात्र डब्यात गप्प बसून राहिल्या असणार. गप्प बसण्याचा किस्सा होत नाही.

कसारा लोकलमध्ये

डोक्यात एकच खूळ बसलं. मुंबईहून पन्नास मैल नक्की कुठे भरतात? नकाशात बघण्यापेक्षा जाऊन बघू म्हटलं. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी, गणपती उरकल्यावर, मी सीएसएमटीहून संध्याकाळची कसारा लोकल पकडली. लेडीज डबा, खिडकी (नशीब!), हातात वही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कसारा फक्त इंडिकेटरवर माहीत असेल. "अरे, ही कसारा आहे, ठाण्याला थांबेल ना?" एवढाच आपला संबंध. पण ही लोकल १२० किलोमीटर जाते. सव्वादोन-अडीच तास. एवढ्या वेळात विमानाने मुंबईहून दिल्ली गाठता येते. आणि विमानात टॉयलेट असतं.

दादरला डबा भरला, ठाण्याला ओसंडला. कल्याणपर्यंत श्वास घ्यायला जागा नव्हती. कल्याण गेलं आणि मग डब्याचं घर झालं. समोरच्या मावशींनी पिशवीतून गवार काढून निवडायला घेतली. कानातल्यांचा पुठ्ठा घेऊन एक मुलगी फिरून गेली. कुणीतरी उकडलेल्या शेंगा पुढे केल्या. शहाड, आंबिवली, टिटवाळा. टिटवाळ्याला दोघीतिघींनी खिडकीतूनच गणपतीला हात जोडले. खडवलीला भातसा नदी दुथडी भरून वाहत होती आणि पुढे दोन्ही बाजूंना हिरवीगार भातशेती. ऑफिसच्या काचेतून दिसतो त्या शहराच्या इतक्या जवळ हे आहे, यावर विश्वास बसत नाही. वीकएंडला लोणावळ्याला जाणाऱ्यांनो, एकदा हा रूट करा.

मी वही काढून बसलेली बघून शेजारच्या मुलीने विचारलं, "सर्व्हे का?" आसनगावची, चोविसेक वर्षांची, लोअर परळच्या एका ऑफिसात काम करणारी. मी सांगितलं, टॉयलेटवर लिहितेय. ती इतकी हसली की मावशींची गवार थांबली.

"आमच्या ऑफिसचं वॉशरूम फाइव्ह स्टार आहे," ती म्हणाली. "पण ते परळला आहे ना!"

मग एकेक सुरू झालं. दुपारी चारनंतर पाणी प्यायचं नाही, हा डब्याचा अलिखित नियम. चहा तर नाहीच. सकाळी घरून निघताना अर्धा कप, तोही टेन्शनमध्ये. समोर एक नर्स बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रोज पेशंटना सांगते, तीन लिटर पाणी प्या. आणि मी स्वतः? वर्षातून दोनदा युरिन इन्फेक्शनच्या गोळ्या खाते." पाळीच्या दिवसांबद्दल कुणी मोठ्याने बोललं नाही, पण त्यावर सगळ्याच जणी एकमेकींकडे बघून हसल्या.

"मधे उतरायचं ना," मी अगदी ठाण्याच्या आतल्या बाईसारखं बोलून गेले.

"उतरायचं? आणि पुढची कसारा?" मावशी म्हणाल्या. "कधी अर्धा तास, कधी पाऊण, कधी तास. वर जागा मिळेल याची गॅरंटी नाही. घरी पोरं वाट बघतात गं."

कोपऱ्यात एक बाई इतका वेळ ऐकत होती. मांडीवर वर्षभराचा मुलगा. ती म्हणाली, "मी उतरायचे. पोटात हा होता तेव्हा. रोज कल्याणला उतरायचे, जाऊन यायचे, पुढची पकडायचे. घरी पोचायला दहा. सातव्या महिन्यात नोकरी सोडली."

"मॅटर्निटी लीव्ह नव्हती?"

"लीव्ह होती. पण ती मिळेपर्यंत टिकायला तर पाहिजे ना."

तिने हे अगदी सहज सांगितलं, जसं आपण 'आज मेगाब्लॉक होता' सांगतो. ऑफिसने तिला काढलं नव्हतं, घरच्यांनी अडवलं नव्हतं. एचआरच्या फॉर्ममध्ये असं कारण लिहायला रकानाही नसतो.

८० नंबरचा खांब

रुळांच्या कडेला विजेच्या तारांचे खांब असतात ना, त्यांच्यावर आकडे लिहिलेले असतात. वर किलोमीटर, खाली खांबाचा नंबर. मी ते मोजत बसले होते. ७७... ७८... वासिंद आलं, बऱ्याच जणी उतरल्या. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात अंधुक उजेडात आकडा दिसला. ८०.

इथेच कुठेतरी. पन्नास मैल. बाहेर भाताची खाचरं, लांबवर माहुलीचे सुळके काळ्या आकाशात अजून काळे दिसत होते. खांब अगदी साधा, बाकीच्यांसारखाच. मी त्या सगळ्यांना कलम ६४ सांगितलं. की १८९१ मध्ये, बायकांच्या डब्यात बसून या खांबाच्या पुढे जाणाऱ्या गाडीत शौचकूप असणं कायद्याने सक्तीचं होतं.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आसनगावच्या मुलीने विचारलं, "मग ते काढलं कुणी?"

याचं उत्तर मी शोधून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर मुद्दाम कुणी काढलं असं नाही. १८९० चा कायदा जाऊन १९८९ चा नवा रेल्वे कायदा आला आणि तो १ जुलै १९९० पासून लागू झाला. त्यात बायकांच्या डब्याचं कलम आहे, कलम ५८. प्रत्येक गाडीत एक कंपार्टमेंट किंवा रेल्वेला योग्य वाटतील तितक्या जागा स्त्रियांसाठी राखायच्या, असं ते म्हणतं. तिथे कलम संपतं. पन्नास मैलांचं दुसरं वाक्य त्यात नाही.

माझा अंदाज सोपा आहे. तोवर लांब पल्ल्याच्या गाड्यांत टॉयलेट असणं इतकं सवयीचं झालं होतं की ते कायद्यात लिहायला हवं, असं कुणाला वाटलंच नसेल. घरात चूल असणार हे कोण लिहून ठेवतं? पण दरम्यान दुसरीकडे लोकल लांब होत गेली होती. कसारा १२० किलोमीटर. खोपोली शंभराच्या वर. पश्चिम रेल्वेवर चर्चगेटहून डहाणू १२४ किलोमीटर. जुन्या कलमाच्या पट्टीने मोजलं तर या तिन्ही गाड्यांत ते लागलं असतं. आज लोकलमध्ये, साधी असो की एसी, टॉयलेट नाही. आणि कायद्यात त्याबद्दल एक शब्द नाही.

आणि गंमत बघा. हा खांब ज्या तालुक्यात आहे तो शहापूर. भातसा धरण इथलं, तानसा इथला. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबई पितेय. आख्ख्या शहराला पाणी पाजणाऱ्या तालुक्यातल्या बायका चारनंतर स्वतः घोटभर पाणी पीत नाहीत!

घोषणा वेगळी, कलम वेगळं

पुढच्या आठवड्यात हे सगळं मी रेल्वेतून रिटायर झालेल्या एका काकांना ऐकवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे माझा फुगा फोडला. "लोकलमधल्या एका टॉयलेटच्या जागेत गर्दीच्या वेळी दहा जणी उभ्या राहतात. त्या दहा जणींना खाली उतरवू का? शिवाय टाकी आली, पाणी आलं, सफाई आली. लोकल टोकाला पोचली की काही मिनिटांत उलटी फिरते. धुणार कधी?"

मुद्दे खरे आहेत. लोकलला टॉयलेट जोडणं म्हणजे फेसबुकवर पोस्ट टाकण्याइतकं सोपं नाही. पण म्हणूनच मला ते जुनं कलम हुशार वाटतं. ते सगळ्या गाड्यांत टॉयलेट मागत नव्हतं. ठाणे लोकल नाही, बोरिवली नाही. फक्त पन्नास मैलांच्या पुढे जाणारी गाडी, आणि त्यातही बायकांचा एक डबा. नवीन मेमू गाड्यांत टॉयलेट असतंच, म्हणजे तंत्र आपल्याला येतं. नाहीच जमलं तर मधल्या स्टेशनांवर रात्रीही उघडं, उजेडाचं, पाण्याचं टॉयलेट द्यायची सक्ती करता येईल. मार्ग दहा निघतील. पण ते शोधावेच लागतील, असं आधी कुठेतरी लिहिलेलं हवं.

बाळांच्या बाबतीत अगदीच काही झालं नाही, असं नाही. २०१६ च्या रेल्वे बजेटमध्ये आपल्या मालवणच्या सुरेश प्रभूंनी लहान मुलांसाठी स्टेशनांवर गरम दूध, गरम पाणी, बेबी फूड आणि गाड्यांच्या टॉयलेटमध्ये बाळाचे कपडे बदलायला फळी, असं सगळं सांगितलं होतं. रेल्वेचं स्वतंत्र बजेट त्यानंतर बंदच झालं. २०२२ मध्ये मदर्स डेला लखनौ मेलच्या एका एसी डब्यात आईच्या बर्थला जोडलेला छोटा 'बेबी बर्थ' लागला. फोटो किती गोड होते, आठवतात ना? गर्भवतींसाठी लोअर बर्थचा कोटा आहे. आपल्या एसटी स्टँडांवर हिरकणी कक्ष आहेत. सगळं चांगलंच आहे, आणि ते करणाऱ्यांचं कौतुकच आहे.

पण यातलं काहीही रेल्वेच्या कायद्यात नाही. घोषणा म्हणजे कुणाला तरी चांगली वाटलेली गोष्ट. ती या गाडीत असेल, त्या गाडीत नसेल. साहेब बदलले, बजेट बदललं की विसरली जाईल, आणि विसरली म्हणून जाब विचारता येणार नाही. अमेरिकेत २०१६ मध्येच एक कायदा झाला. तिथल्या केंद्र सरकारच्या ज्या इमारती लोकांसाठी खुल्या आहेत, त्यांत बाळाचा डायपर बदलायची सोय हवी, आणि ती बायकांच्या टॉयलेटमध्ये हवी तशी पुरुषांच्याही. हे 'पुरुषांच्याही' मला फार आवडलं. म्हणजे तिथल्या कायद्याला जिजू दिसले!

आपल्याकडे मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली तेव्हा नाव ऐकून किती जण फिदीफिदी हसले होते. त्याच बायकांनी मुतारीला पैसे का, पाणी का नाही, दरवाजाला कडी का नाही, असे साधे प्रश्न विचारून महापालिकेला कामाला लावलं. रुळांवरचा प्रश्न त्याहून वेगळा नाही. फक्त तो धावता आहे, त्यामुळे हातात येत नाही.

हिरकणीची गोष्ट आपण शाळेत शिकलो. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसाचं कौतुक करतो. पण महाराजांनी पुढे काय केलं? नुसती साडीचोळी देऊन पाठवली नाही. ती उतरली तिथे बुरूज बांधला, असं गोष्ट सांगते. कौतुकही केलं आणि दगडात कामही केलं.

त्या रात्री कसाऱ्याला उतरले तेव्हा साडेनऊ वाजले होते. प्लॅटफॉर्मवर घाटाचा गार वारा, पलीकडे वर चढायला इंजिन जोडून उभी असलेली मालगाडी. डब्यात शेवटपर्यंत राहिलेल्या त्या नर्स उतरल्या आणि घाईघाईने चालायला लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, एक मिनिट, फोटो—"

"आधी जाऊन येते!" त्या वळूनही न बघता म्हणाल्या.

मी थांबले. त्या आल्या, नळावर हात धुतले, पर्समधून सकाळची भरलेली बाटली काढली आणि तिथेच उभ्या राहून अर्धी रिकामी केली. दुपारनंतरचं त्यांचं ते पहिलं पाणी होतं.

---

बाळ घेऊन ट्रेनने निघताय?

* वॉटरप्रूफ चेंजिंग मॅट किंवा जुना रेनकोट बॅगेत वरच ठेवा. सीटवर पसरून दोन मिनिटांत काम होतं. आडोशाला ओढणी आहेच.

* डायपर कमोडमध्ये टाकू नका. हल्लीच्या गाड्यांत बायो-टॉयलेट असतात, त्यात डायपर किंवा पॅड गेलं की ते तुंबतं. कागदात गुंडाळून, पिशवीत घालून डस्टबिनमध्येच टाका.

* रात्रीच्या प्रवासाचं तिकीट काढताना गर्भवतींच्या लोअर बर्थ कोट्याची चौकशी करा.

* डब्यात पाणी नाही, टॉयलेट तुंबलंय? १३९ वर फोन करून सांगा. पीएनआर हाताशी ठेवा.

* आणि बाबा लोकहो, 'मी बघतो' म्हणा. ठेवू कुठे, हा प्रश्न तुम्हीही विचारायला लागलात तर उत्तर लवकर सापडेल.